पोतंभर लवंगी आणि पैलवाडीची लहर

एका ओढ्याच्या अलीकडं ऐलवाडी होती, पलीकडं जरा खालच्या अंगाला पैलवाडी होती, आणि ऐलवाडीत एक भोळा होता. त्याचं नाव गेनबा. भोळा म्हणजे किती भोळा? सांगितलं तेवढंच करणारा. कमी नाही आणि जास्त तर मुळीच नाही. तुम्ही म्हणाल, असा माणूस म्हणजे सोनंच की! मग न्या तुमच्या घरी. चार दिवस ठेवून बघा आणि मग बोला.

घरात माणसं तीन. गेनबा, त्याची आई बनाबाई आणि थोरली बहीण सगुणा. बाप गेनबा जन्मायच्या आधीच गेलेला. अंगानं गेनबा चांगला दांडगा, मिशाही फुटलेल्या. अक्कल तेवढी वाटेत कुठंतरी रेंगाळली होती.

एके दिवशी बनाबाई म्हणाली, "गेनबा, चुलीवर दूध हाय. लक्ष ठेव, मी आलेच."

गेनबानं लक्ष ठेवलं. दूध वर आलं, त्यानं बघितलं. दूध काठाशी आलं, त्यानं आणखी वाकून बघितलं. दूध चुलीत गेलं, तेही त्यानं नीट बघितलं.

बनाबाई आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, सगळं दूध उतू गेलं की!"

"व्हय. मी बगतच हुतो."

"नुसतं बगायचं व्हय? फेस वर आला की पाणी मारायचं आसतंय!"

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो," गेनबा म्हणाला.

ध्यानात ठेवणं हा गेनबाचा मोठा गुण. पुढचे सगळे घोटाळे ह्या एका गुणापायी झाले.

तर सगुणाचं लग्न ठरलं होतं पैलवाडीत. नवरा शिरपती. त्याचा टेम्पो होता, भाजीपाला भरून तो बाजाराला न्यायचा. पोरगा कसा, तर सगुणा दिसली की टेम्पोचा हॉर्न उगाच दोनदा वाजवायचा. सगुणाही हॉर्न ऐकला की अंगणात काहीतरी वाळत घालायला यायची. सुपारी फुटली, तारीख धरली, लग्नाच्या मसाल्यासाठी लवंगी मिरचीचं पोतंसुद्धा घरात येऊन पडलं.

आणि नेमकं तेव्हाच दोन्ही गावांचं बंधाऱ्यावरून वाजलं. ओढ्यावर एक बंधारा होता. त्याला फळ्या घातल्या की पाणी ऐलवाडीला, काढल्या की पैलवाडीला. ऐलवाडीनं घालायच्या, पैलवाडीनं काढायच्या. हा खेळ दरसाल चालायचा. पण ह्या साली पैलवाडीवाल्यांनी फळ्या काढल्या त्या घरीच नेल्या. त्यांचा सरपंच यदुनाना, म्हणजे शिरपतीचा बापच. त्यातली एक फळी त्यानं ओट्यावर बसायला घेतली, असं कुणीतरी येऊन सांगितलं.

झालं! ऐलवाडीच्या मारुतीच्या देवळापुढं सभा भरली. सरपंच बाजीआबा बोलायला उभे राहिले. आबांचं बोलणं म्हणजे आधी आवाज चढायचा, मग मान लाल व्हायची, मग तोंडाला फेस यायचा.

"उद्या सकाळी काठ्या घेऊन बंधाऱ्यावर जायाचं!" आबा गरजले. "फळ्या आणल्याबिगर माघारी फिरायचं न्हाई! जो फिरंल त्यानं बांगड्या भराव्यात! जो..."

तेवढ्यात फेस आला. गेनबा पुढंच बसला होता. त्यानं देवळातली घागर उचलली आणि सगळं पाणी आबांच्या तोंडावर मारलं.

आबांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं.

"काय केलंस रं हे?"

"फेस वर आला हुता, आबा. उतू गेला आसता."

"आरं गाढवा! गाव लढाईला निघालंय आन तू सरपंचाला आंगूळ घालतोस? करायचंच आसलं तर गावाला कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून कायतरी कर!"

"करतो," गेनबा म्हणाला आणि घरी गेला.

घरी बनाबाई चुलीपुढं डोळे पुसत बसली होती. इकडून पोरगा काठी घेऊन जाणार, तिकडून जावई काठी घेऊन येणार. कुणाचं डोकं फुटलं म्हणजे बरं, हेच तिला कळेना. तशात गेनबानं विचारलं, "आये, नजर लागू नये म्हणून काय करत्यात?"

"दृष्ट काढत्यात. मीठ, मोहरी आन मिरच्या घ्यायच्या, माणसावरून ओवाळायच्या आन इस्तवात टाकायच्या."

"मिरच्या किती?"

"माणसामागं मूठभर."

"आन आख्ख्या गावामागं?"

बनाबाई वैतागली. "पोतंभर लागत्याल, माझं डोंबल! जा तिकडं!"

दुसऱ्या दिवशी ऐलवाडीचे गडी काठ्या घेऊन ओढ्यात उतरले. समोरून पैलवाडीचे उतरले. दोन्हीकडून नुसत्या शिव्या चालल्या होत्या. कुणी म्हणे तुझ्या आज्यानं आमची रेडी चोरली, कुणी म्हणे तुझ्या आज्याला रेडीनंच पाळलं. अजून काठी कुणी उचलली नव्हती. तशी कुणाला घाईही नव्हती.

मागं काठावर गेनबानं मोठी शेकोटी पेटवली. मीठ आणि मोहरी टाकली. पोतं डोक्यावर घेऊन गावच्या माणसांच्या दिशेनं तीनदा ओवाळलं आणि सगळंच्या सगळं इस्तवात पालथं केलं. लवंगी मिरची होती. वारा त्याच्या पाठीमागनं वाहत होता.

आता पुढं काय झालं ते सांगायला नकोच. आधी ऐलवाडीच्या मागच्या रांगेला ठसका लागला. मग पुढच्या रांगेला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानात शीळ, घशात निखारा. कुणीतरी "मेलो!" म्हणून ओरडलं आणि ऐलवाडी पळाली. धूर तसाच पुढं गेला आणि पैलवाडीही पळाली. दोन्ही गावांच्या काठ्या वाळूत पडल्या. बाजीआबा सगळ्यांत पुढं होते. त्यांची एक वहाण तिथंच राहिली.

गेनबा एकटा शेकोटीपाशी खोकत उभा होता. आपल्याकडं म्हणतात, मिरची जाळली आणि ठसका लागला नाही, तर नजर लागलेली होती असं समजावं. इथं तर ठसका असा लागला होता की बास.

"म्हंजे नजर नव्हतीच," गेनबा मनाशी म्हणाला. "मिरच्या फुकट गेल्या."

आता तुम्ही विचाराल, एवढ्या लोकांना मिरचीचा वास कळला नाही का? कळला की! पण मिरचीला भिऊन पळालो, हे घरी जाऊन बायकोला सांगायचं कसं? पळालेल्या माणसाला काहीतरी मोठं लागतं हो. वाघ तरी पाहिजे, नाहीतर तोफ तरी.

ते मोठं काम बबननं केलं. बबन म्हणजे ऐलवाडीचा बातमीवाला. त्याची मोबाईलवर बातम्यांची वाहिनी होती, 'ऐलवाडीचा आवाज'. संध्याकाळच्या आत बातमी आली: 'बंधाऱ्यावर गुप्त शस्त्राचा प्रयोग? पैलवाडीनं सोडली अदृश्य लहर? सूत्रांची खळबळजनक माहिती!' सूत्रं म्हणजे बबन आणि बबनचा मेव्हणा.

बातमी आली आणि एकेकाला आठवायला लागलं.

"माझ्या तर गुडघ्यातला जीवच गेला बगा."

"मला निळा उजेड दिसला."

"मला हिरवा दिसला."

"दोन लहरी आसत्याल," बाजीआबा म्हणाले.

बबननं एक तज्ज्ञ पण आणला. तालुक्याला मिक्सर दुरुस्त करणारा माणूस होता तो. त्यानं सांगितलं, तांबं लहर अडवतं. त्या दिवसापासून ऐलवाडीचे कर्ते पुरुष डोक्यावर तांब्या पालथा घालून हिंडायला लागले. तिकडं पैलवाडीतही तेच. त्यांच्याकडची बातमी एवढीच वेगळी की लहर ऐलवाडीनं सोडली.

गेनबाला हे ऐकून वाईट वाटलं. एवढी माणसं उगाच घाबरली म्हणून तो देवळापाशी गेला.

"आबा, लहर न्हवती ती. मिरच्या हुत्या. मीच टाकल्या."

आबांनी आपल्या अनवाणी पायाकडं बघितलं.

"कुणी बगितलं?"

"मी."

"तू सोडून?"

"बाकीचे पळत हुते. तुमी पुढं हुता."

"ते ऱ्हाऊ दे! पुरावा काय?"

"पोतं हाय घरी. रिकामं."

"रिकाम्या पोत्यात काय दिसतंय?"

"कायच न्हाई."

"मग!" आबांनी मांडीवर थाप मारली. लोक हसले.

गेनबा विचारात पडला. "मग आबा, लहरीचा पुरावा काय हाय?"

"आरं येड्या, ते गुप्त शस्त्र हाय! पुरावा घावला आसता तर ते गुप्त ऱ्हायलं आसतं का? पुरावा न्हाई, ह्योच पुरावा!"

देवळापुढच्या सगळ्या तांब्यांनी माना डोलावल्या.

"आन एक ध्यानात ठेव," आबा म्हणाले. "शत्रूनं काय बी विचारलं तर हो म्हणायचं न्हाई, न्हाई म्हणायचं न्हाई."

"आसं व्हय? ठेवतो ध्यानात."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीनं लाथ मारली आणि दुधाची चरवी सांडली. गेनबा रिकामी किटली घेऊन डेअरीत गेला आणि रांगेत उभा राहिला. नंबर आला.

"दूध कुठंय?" डेअरीच्या सेक्रेटरीनं विचारलं.

"न्हाई."

"मग कशाला आलास?"

"आमच्या म्हशीनं आज लई दूध दिलं. पुरावा न्हाई, ह्योच पुरावा. फॅट लावा."

सेक्रेटरीनं किटली बाहेर भिरकावली आणि मागोमाग गेनबालाही हाकललं. "चल नीघ! माणसानं डोळ्यांनी बगितलंय तेवढंच बोलावं!"

"आसं व्हय? ठेवतो ध्यानात," किटली उचलत गेनबा म्हणाला.

घरी आला तर ओट्यावर यदुनाना. शेताच्या बांधाबांधानं लपत आले होते बिचारे, फेट्याखाली तांब्या घालून. कसे का असेनात, नवरदेवाचा बाप दारात आला होता. बनाबाईनं घोंगडी अंथरली, चहा टाकला. सगुणा दाराआड श्वास रोखून उभी राहिली. लग्न राहतंय की मोडतंय, ते आता ठरणार होतं.

नानांनी चहा बशीत ओतला. "गेनबा, घरातला बाप्या माणूस तूच. तुझ्याशीच बोलतो. वडील जाऊन बरीच सालं झाली न्हवं?"

गेनबाला सेक्रेटरीचं बोलणं आठवलं. डोळ्यांनी बघितलंय तेवढंच.

"वडील मी बगितले न्हाईत," तो म्हणाला. "हुते म्हणत्यात. आय म्हणती हुते. खरं-खोटं मला ठावं न्हाई."

आत बनाबाईच्या हातून भांडं पडलं. नानांची बशी तोंडापाशीच थांबली.

"बरं... ते ऱ्हाऊ दे," नाना घसा खाकरून म्हणाले. "मला एक सांग. लोक म्हणत्यात तुमच्याकडं शस्त्र हाय. हाय का?"

आता नाना पैलवाडीचे. गेनबाला आबांचं बोलणं आठवलं. "हो म्हणत न्हाई, न्हाई म्हणत न्हाई."

नानांचा चेहरा उतरला. "आन लगीन? पोरगी द्यायची हाय ना तुमाला?"

"हो म्हणत न्हाई, न्हाई म्हणत न्हाई."

यदुनाना उठले. चहा तसाच राहिला. फेटा सावरत ते जे निघाले ते बांधावरून दिसेनासे झाले तरी तांब्याचा आवाज येतच होता.

बनाबाईनं गेनबाला चुलीतल्या लाकडानं मारायला घेतलं, पण सगुणानं मधे हात घातला. ती रडत होती. मोठ्यानं नाही, आतल्या आत. ते गेनबाला जास्त लागलं.

"गेनबा, माझं लगीन मोडतंय रं."

"आक्का, रडू नगं. काय करू सांग. तू सांगशील ते करतो."

"तू कायच करू नगंस. आन इथनं पुढं बोललास तर पुराव्यासकट बोल, न्हाईतर तोंड बंद ठेव."

"पुराव्यासकट," गेनबा म्हणाला आणि त्यानं ते डोळे मिटून पुन्हा पुन्हा घोकलं. बहिणीसाठी जीव टाकायचा तो. तेवढं तरी त्याला द्या.

तिकडं पैलवाडीत यदुनानांनी गाव गोळा केलं. "त्यांच्याकडं शस्त्र हाय!"

"कशावरनं?"

"मी विचारलं. हो म्हणाला न्हाई, न्हाई म्हणाला न्हाई!"

"आयायाया!" सगळं गाव म्हणालं.

शिरपती मागं टेम्पोला टेकून उभा होता. टेम्पोत रोज मिरचीची पोती वाहणारा गडी तो. लवंगीचा ठसका त्याला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. पण मिरची म्हणालो तर कोण ऐकणार? म्हणून तो म्हणाला, "नाना, माझं ऐका. आपल्याला त्यांच्या लहरीचं भ्या वाटतंय, त्यांना आपल्या लहरीचं. लगीन लावून टाका. एकदा सोयरे झालो की कोण कुणावर सोडतंय?"

हे मात्र सगळ्यांना पटलं. ऐलवाडीला निरोप गेला. बाजीआबांनाही पटलं, कारण तांब्यानं त्यांच्या डोक्याला घट्टे पडले होते.

पण लग्न लावायचं कुठं? हे त्यांच्या गावात जायला तयार नाहीत, ते ह्यांच्या गावात यायला तयार नाहीत. शेवटी ओढ्याच्या कोरड्या वाळूत मांडव पडला, दोन्ही गावांच्या बरोबर मध्ये. अलीकडं ऐलवाडी बसली, पलीकडं पैलवाडी. सगळ्यांच्या डोक्यावर तांबे, कानात कापूस. वाजंत्री वाजत होती ती वाजवणाऱ्यांनाच ऐकू येत होती. बाजीआबा आणि यदुनाना समोरासमोर बसून एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून होते. बबन मोबाईल उंच धरून म्हणत होता, "मांडवात तणावपूर्ण शांतता आहे. शस्त्र कुठंही दिसत नाही. त्यामुळं चिंता वाढली आहे."

नवरा-नवरी पाटावर उभे राहिले. मधे अंतरपाट. त्याचं एक टोक शिरपतीच्या चुलत्यानं धरलं, दुसरं गेनबानं. बनाबाईनं गेनबाला बजावलं होतं, "मी सांगेस्तोवर सोडायचा न्हाई."

गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मांडवाच्या कडेला बाहेरगावचा आचारी आमटी करत होता. कढईत तेल तापलं. त्यानं मोहरी टाकली, आणि मग चांगल्या ओंजळभर लाल मिरच्या टाकल्या.

वारा मांडवाच्या दिशेला होता.

पहिली शिंक बाजीआबांना आली. दुसरी यदुनानांना. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि दोघं एकाच वेळी ओरडले, "लहर!"

मांडवात मग माणूस राहिला नाही. तांबे वाळूत गडगडले. वाजंत्रीवाल्यांनी ढोल टाकला, बबननं मोबाईल टाकला, गुरुजी अर्धं मंगलाष्टक तोंडात धरून पळाले. चुलताही अंतरपाट सोडून गेला. आचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता, पण एवढी माणसं पळताहेत म्हणजे काहीतरी असणार, म्हणून तोही पळाला.

गेनबा हलला नाही. त्याला सोडायला कुणी सांगितलं नव्हतं.

बनाबाईनं हे सगळं बघितलं. पदर खोचला आणि अंतरपाटाचं लोंबतं टोक उचलून धरलं. म्हणाली, "गुरुजी गेले तर जाऊ देत. मला येत्यात मंगलाष्टकं." आणि ती माउली म्हणायला लागली. ठसका लागतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, मिरचीचं किती आणि पोरीचं किती ते तिचं तिलाच माहीत, पण एक ओळ सोडली नाही. "सोड," म्हणाली. गेनबानं अंतरपाट सोडला. सगुणानं हार घातला, शिरपतीनं हार घातला, मंगळसूत्र बांधलं. गेनबानं अक्षता टाकल्या, सगळ्या गावाच्या वाटच्या एकट्यानं. असं ते लग्न लागलं.

धूर गेल्यावर झुडपांमागून एकेक डोकं वर आलं. दोन्ही गावं हाताला येतील ते तांबे डोक्यावर घालून हळूहळू मांडवात परतली.

"लगीन झालं का?" यदुनानांनी विचारलं.

"झालं," बनाबाई म्हणाली.

"तुमी पोरीची आय. तुमी होच म्हणणार."

"नाना, झालं," शिरपती म्हणाला.

"तू नवरदेव. तुला घाई हाय. तिसरं कोण हुतं?"

सगळ्यांच्या माना गेनबाकडं वळल्या. गेनबा खोटं बोलत नाही, हे दोन्ही गावांना माहीत होतं. खोटं बोलायला डोकं लागतं.

"गेनबा, तू सांग," नाना म्हणाले. "तू हो म्हणालास तर सून आत्ता घरी नेतो. लगीन लागलं का?"

सगुणा त्याच्याकडं बघत होती. एक 'हो' पाहिजे होता, बाकी काही नको. गेनबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. विचारणारे पैलवाडीचे.

"हो म्हणत न्हाई," तो म्हणाला. "न्हाई म्हणत न्हाई."

सगुणानं डोळे मिटून घेतले.

आणि अहो, मांडवात एकच जल्लोष झाला! "झालं! झालं! नक्की झालं!"

"कुणी बगितलं का?" बाजीआबा ओरडले.

"कुणीच न्हाई!"

"पुरावा हाय का?"

"बिलकूल न्हाई!"

"मग शंभर टक्के झालं!" यदुनानांनी बाजीआबांना मिठी मारली. तांब्यावर तांब्या आपटला. वाजंत्री सुरू झाली. यदुनानांनी भर मांडवात शब्द दिला, बंधाऱ्याच्या फळ्या उद्याच परत आणतो, ओट्यावरचीसुद्धा. बनाबाई पदरात तोंड घालून हसली. शिरपतीनं टेम्पो चालू केला, दोनदा हॉर्न दिला. सगुणानं एक पाय टेम्पोत ठेवला.

आता इथं गेनबा गप्प बसला असता तर ही गोष्ट चांगली संपली असती.

पण त्याला अक्काचं बोलणं आठवलं. पुराव्यासकट बोल, न्हाईतर बोलू नको. आणि तो तर बोलून बसला होता, पुराव्याशिवाय! गेनबा धावला. वाळूत बबनचा मोबाईल पडला होता, उभा, एका तांब्याला टेकून. सगळं टिपत बसला होता बिचारा. बबननं बंद केला कुठं होता?

"थांबा! थांबा!" गेनबा ओरडला. "आक्का, पुरावा हाय! पुरावा घावला!"

लोक गोळा झाले. मोबाईलात सगळं होतं. कढई होती. आचाऱ्यानं टाकलेल्या मिरच्या होत्या. धूर होता. बाजीआबांची शिंक होती. बाजीआबा बायकांच्या अंगावरून उडी मारून पळताना दिसत होते. यदुनाना त्यांच्याही पुढं होते. मग रिकामा मांडव, बनाबाईचं मंगलाष्टक, हार, मंगळसूत्र आणि खोकत खोकत अक्षता टाकणारा गेनबा.

आबांनी नानांकडं बघितलं. नानांनी आबांकडं बघितलं. इतक्या सालांत दोन गावांचं कधी कशावर एकमत झालं नव्हतं, ते त्या घडीला झालं.

"बनवलेलं हाय हे," आबा म्हणाले.

"साफ बनवलेलं," नाना म्हणाले. "हल्ली मोबाईलात काय वाट्टेल ते बनवत्यात."

"आन खरं आसतं तर पुरावा कशाला घावला आसता?"

"बराबर! मिरच्या खोट्या. म्हंजे लगीन पण खोटं. पोरी, उतर खाली."

सगुणानं वर ठेवलेल्या पायाकडं बघितलं, खाली ठेवलेल्या पायाकडं बघितलं, आणि दुसराही पाय टेम्पोत घेतला. "चला वो," ती शिरपतीला म्हणाली. शिरपतीनं टेम्पो सोडला तो थेट पैलवाडीच्या दारात.

तेव्हापासून सगुणा यदुनानांच्या घरात आहे. रोज त्यांना गरम भाकरी वाढते. नाना ती मिटक्या मारत खातात. पण कुणी विचारलं, "नाना, सून कशी हाय?" तर म्हणतात, "सून आल्याचं ऐकून हाय. खरं-खोटं देव जाणे." फळ्याही अजून पैलवाडीतच आहेत, ओट्यावरचीसुद्धा. आणि बंधाऱ्यावर लहर सुटली होती ह्याबद्दल मात्र दोन्ही गावांत कुणाला शंका नाही.

परवा सगुणाला मुलगा झाला. चांगला धट्टाकट्टा. रडतो तर असा रडतो की आवाज ओढा ओलांडून ऐलवाडीत येतो. तो रडला की इकडं आबा आणि तिकडं नाना "लहर!" म्हणून ओरडतात, आणि दोन्ही गावं तांबे शोधायला धावतात.

गेनबा मामा झाला म्हणून खूष आहे. बाळाला नजर लागते की काय, अशी बनाबाईला काळजी. ती गेनबाला म्हणाली, "एवढी माणसं बाळाला बगून गेली. दोन्ही गावांची नजर काढाया पायजे रं बाबा."

दोन्ही गावांची म्हटल्यावर गेनबानं हिशेब केला. आज सकाळी तो शिरपतीचा टेम्पो घेऊन मिरच्या आणायला बाजाराला गेलाय. तेव्हा आता ही गोष्ट पुरे करा, आणि घराबाहेर पडायच्या आधी वारा कुठल्या बाजूचा आहे तेवढं बघा.